मधली खाच

आधी काळी छत्री दिसली, मग छत्रीखालचे मोतीलाल मास्तर, आणि त्यांच्या मागून रिकामं तट्टू. चढण लागली की मास्तरांना तट्टूची दया येई, आणि तट्टूही ती दया करून घ्यायला कधी लाजत नसे. नानीबाई अंगणात उडीद पाखडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं, पदरानं तोंडावरचं हसू पुसलं आणि चेहरा गंभीर केला. दिवाळीपासून मास्तरांच्या खेपा चालू होत्या, त्यामुळे हा चेहरा आता तिला चांगला जमत होता.

किटपाडा म्हणजे मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या मोजक्या झोपड्या. भट्टीतून लोखंड काढलं की मागे जो काळा, जाळीदार मळ उरतो त्याला कीट म्हणतात. त्याचे ढीगच्या ढीग पाड्याभोवती पडलेले होते, म्हणून हे नाव. आता त्या ढिगांवर कोंबड्या उकरत. जंगलात कोळसा पाडायला बंदी आली, मोलगीच्या बाजारात तयार कांबी स्वस्त मिळायला लागल्या, आणि भट्ट्या विझल्या त्या विझल्याच. ही गोष्ट घडली ते साल पस्तीस-छत्तीसचं. तोवर लोखंड गाळताना पाहिलेली माणसं म्हातारी होऊन बसली होती आणि विचारल्याशिवाय त्याबद्दल बोलत नव्हती.

मास्तर विचारायला आले होते. तळोद्याच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी पोरांना परमुलखातल्या शोधकांच्या गोष्टी शिकवण्यात घालवली. कोणाला किटलीची वाफ पाहून काही सुचलं, कोणाला आणखी काही पाहून. शिकवता शिकवता त्यांच्या मनाला एक गोष्ट फार लागायची. आपल्या खानदेशात कधी कोणाला काहीच सुचलं नाही का? मग एकदा मोलगीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्यांना बुध्याच्या भात्याबद्दल सांगितलं, आणि मास्तरांना उरलेल्या आयुष्याचं काम मिळालं.

बुध्याचा भाता साऱ्या डोंगरात प्रसिद्ध होता. आधी भट्टीला वारा घालायचा तर बकऱ्याच्या कातड्याचे दोन भाते जमिनीवर मांडत. एक माणूस पायांनी ते आळीपाळीनं दाबी, आणि दाबलेलं कातडं दोरीनं वर ओढायला दुसरा माणूस लागे. बुध्याच्या भात्यात हा दुसरा माणूस गायब झाला. झाडाला एक आडवा दांडा टांगलेला, त्याच्या दोन टोकांना दोन भात्यांच्या दोऱ्या. डावा भाता दाबला की दांडा डावीकडे झुके आणि उजवं कातडं आपोआप वर उचललं जाई. एकटं माणूस दिवसभर नाचल्यासारखं पाय हलवत राही आणि भट्टी धडधडत राही. अक्कलकुव्यापासून तोरणमाळपर्यंत लोकांनी हा भाता उचलला.

आता खरं सांगायचं तर बुध्यानं तो भाता केलाच नव्हता. केला होता नानीबाईनं. हे तिला ठाऊक होतं, तिची नणंद ठकुबाई हिला ठाऊक होतं, आणि बुध्यालाही ठाऊक होतं. पण बुध्याला जाऊन जमाना लोटला होता.

बुध्या तिचा सासरा. ती सून होऊन आली तेव्हा घरात भट्टी पेटलेलीच असे. तिला पहिलं पोर झालं, वीरसिंग. दिसायला गोंडस, पण रडायला असा की समोरच्या डोंगरावरच्या बकऱ्या चरायच्या थांबत. झोळीला झोका मिळाला तरच तो गप्प बसे. एकदा नवरा, दलसिंग, दगड आणायला गेलेला, दोरी ओढणारा गडी मोहाची पिऊन कुठेतरी पडलेला, सासू आजारी, थोरले दीर-जाऊ सोयऱ्यांकडे गेलेले, आणि भट्टी तर भरलेली. बुध्या भट्टीच्या तोंडाशी बसून हवेशी बोलल्यासारखा बोलत होता, ‘वारा कमी पडतोय, कोणीतरी बघा.’ कोणीतरी म्हणजे सून. डोंगरात सासरा सुनेशी बोलत नाही, सून सासऱ्याशी बोलत नाही, आणि त्याचं नाव तर ती मेली तरी घेत नाही. इकडे पोर किंचाळत होतं. तिला हात दोनच होते, म्हणून तिनं पायांकडे पाहिलं. झोळीचा दांडा झाडाला टांगलेला होता. तिनं त्या दांड्याच्या टोकांना खाचा पाडून भात्यांच्या दोऱ्या बांधल्या, मधल्या खाचेत झोळी तशीच लोंबू दिली आणि भात्यांवर चढली. डावा पाय, उजवा पाय. भट्टी पेटली, झोळी झुलली, वीरसिंग झोपला.

बुध्यानं मान वळवून ते पाहिलं. बघत राहिला. बोलणार काय आणि कोणाशी? त्या दिवशी जेवताना तो हवेला एवढंच म्हणाला, ‘तिला भाकर जास्त वाढा.’ पुढच्या बाजाराला मोलगीत जाऊन मात्र त्यानं सगळ्यांना सांगितलं की, मी असा असा भाता केला. नानीबाईला तेव्हा त्याची मजाच वाटली. म्हातारा खोटं बोलला, आणि ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याला खोटं पाडणार तरी कसं? पुढे पोरं झाली, कामं झाली, म्हातारा गेला, दलसिंगही गेला, आणि ते खोटं जिथल्या तिथं राहिलं.

मास्तर खाटेवर टेकले. तट्टूनं उडदाकडे मान लांबवली.

“गूळ लई उना का, भाऊ?” नानीबाईनं आधी मुद्द्याचं विचारलं. पहाडात कलेक्टरलाही तू म्हणतात, मग मास्तर कोण लागून गेले?

“लई उनू, माय.” मास्तरांनी गुळाची पुडी तिच्यापुढे ठेवली. घरात ते अहिराणीच बोलत. शुद्ध मराठी त्यांनी शाळेसाठी आणि धुळ्यासाठी राखून ठेवली होती. “आज जरासं बारीक बारीक इचारनं शे.”

मास्तर फार सभ्य माणूस. सून सासऱ्याचं नाव घेत नाही हे ते जाणून होते, आणि तिच्यासमोर आपणही ते घेऊ नये एवढी त्यांची समज होती. घोळ सगळा तिथंच झाला. पहिल्या खेपेला त्यांनी नाव टाळून अगदी जपून विचारलं होतं, “ज्यान्हामुये हाऊ भाता व्हयना, तो कसा व्हता?” ज्याच्यामुळे हा भाता झाला तो! नानीबाईच्या डोळ्यांपुढे झोळीतला वीरसिंग आला. तिला वाटलं, बघू तर खरं, हा मास्तर किती पाण्यात आहे. आणि तिनं खरं खरं सांगायला सुरुवात केली.

“तो खाये काय?” मास्तरांनी आज विचारलं.

“दूध.”

“नुसतं दूध?”

“नुसतं दूध. दुसरं काहीच तोंडले लावे नही.”

मास्तर भारावले. “आनी नेसे काय?”

“काहीच नही. कंबरले काळा दोरा, बस.”

“थंडीमा बी?”

“थंडीमा कोन्ही फडकं टाकं ते लाथ मारीसन फेकी दे.”

“बोले कसा?”

“एक शब्द बोले नही. नुसता हुंकार दे.”

“झोपे कव्हय?”

“भाता चाले तव्हय. भाता थांबना की लगेच जागा व्हये.”

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. भात्याच्या नादात समाधी लागणारा, दूध पिऊन राहणारा, वस्त्राची आस नसलेला, मौन पाळणारा पुरुष. आपल्या जिल्ह्यात असा माणूस होऊन गेला आणि आपण पोरांना किटलीच्या गोष्टी सांगत बसलो, याची त्यांना मनापासून खंत वाटली. घरात ठकुबाई निवडणं टाकून उतरंडीमागे तोंड लपवून बसली होती. उतरंडीतली मडकी हलत होती.

“आनी ती मधली खाच?” मास्तरांनी जाता जाता विचारलं. तो दांडा अजून होता. वीरसिंगनं त्याला शेंदूर फासून आढ्याला बांधून ठेवला होता. दोन टोकांच्या खाचा मास्तरांना कळल्या होत्या. मधलीनं त्यांची झोप उडवली होती. आधी त्यांना वाटलं घंटा. मग वाटलं, सत्त्व, रज, तम. आता त्यांचं मत ध्वजावर स्थिरावत होतं.

“झेंडा लावे का तठे?”

“फडकं व्हतं खरं,” नानीबाई म्हणाली. झोळी फडक्याचीच असते, त्यामुळे हेही खोटं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही नुसती एका म्हातारीची थट्टा झाली असती, गूळ संपला की संपणारी. पण मास्तर उठता उठता म्हणाले, “माय, धुळाना इतिहास मंडळनी ठराव करा. होळीना आगोदर आठे दगड उभा करतस. नंदुरबारना पाथरवट ई, मंडळना रावसाहेब ई. दगडवर नाव कोरी टाकसूत. कायमनं.”

मास्तर आणि तट्टू दिसेनासे झाले तरी नानीबाई तशीच बसून राहिली. उडदाला हात लागेना. नाव तोंडातोंडी असतं तोवर ठीक होतं. ती तोंडं मेली की बुध्याचं खोटंही मरणार होतं, आणि तिचं खरंही. त्यात बरोबरी होती. दगड मरत नाही. उद्या तिच्या नातवंडांची नातवंडं त्या दगडासमोर उभी राहून म्हणतील की आपल्या आज्याच्या पणज्याला सुचलं. आणि आजी? आजी भाकरी करत असेल. नानीबाईला एकाएकी इतका राग आला की तिनं मास्तरांचा गूळ उचलून बकरीपुढे टाकला, आणि बकरीनं तो खाल्ल्यावर तिला त्याचंही वाईट वाटलं.

“सांगून टाक,” ठकुबाई दोघींच्या घरच्या बोलीत म्हणाली. “तुला नाव घेता येत नसेल तर मी घेते. माझा तर बापच होता. मला कोण अडवतो?”

“आणि वीरसिंगचं काय?”

वीरसिंगचं काय, हा प्रश्न मोठाच होता. वीरसिंग आता पन्नाशीचा, पाड्याचा पोलीसपाटील. छातीवर पितळी बिल्ला, ओठावर ऐटदार मिशी. त्याच्यासमोर कोणी मोठ्यानं शिंकत नसे. मास्तरांनी बुध्याबाबाची थोरवी सांगितल्यापासून तर तो जमिनीवरून चालतच नव्हता. धुळ्याचे रावसाहेब त्याला वंशज म्हणून फेटा बांधणार होते. त्यानं मोहाची सोडली होती आणि आजोबांसारखा दूध प्यायला लागला होता. सकाळ-संध्याकाळ वाडगाभर दूध घेऊन तो ओट्यावर बसे, मिशीला पांढरी किनार लागे, आणि नानीबाईला झोपडीच्या मागे जाऊन लुगड्याचा बोळा तोंडात कोंबावा लागे. पन्नास वर्षांनी पोरगं पुन्हा दुधावर आलं होतं.

आता खरं सांगितलं तर सारा डोंगर विचारणार, मग तो दूध पिणारा, नागडा, मुका महात्मा कोण? आणि त्याचं उत्तर बिल्ला लावून समोर बसलेलं असणार. लोक त्याला मरेपर्यंत सोडणार नव्हते. थट्टा तिनं मास्तरांची करायला घेतली होती आणि ती येऊन बसली होती पोटच्या पोराच्या मानेवर. खोड आपणच काढली, आता गप्प बसायची शिक्षाही आपणच भोगायची, असं तिनं मनाशी ठरवलं. ठरवलं खरं, मनानं ते ऐकलं नाही.

होळीच्या आधीचा मोलगीचा बाजार झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे किटपाड्यावर जमले. ढोल होता, बासऱ्या होत्या, आसपासच्या पाड्यांवरची म्हातारी मंडळी काठ्या टेकत आली होती. धुळ्याचे रावसाहेब चढणीनं लालबुंद होऊन खाटेवर बसले होते आणि मानेवरून उपरणं फिरवत होते. कोरा दगड उभा होता. त्याच्याशेजारी नंदुरबारचा पाथरवट छिन्नी परजत बसला होता. पहिला घाव रावसाहेब घालणार, मग तो अक्षरं पुरी करणार. नव्यानं लिंपलेली भट्टी धुमसत होती, तिच्यापुढे नवे भाते मांडले होते. वरच्या फांदीला दांडा टांगला होता आणि त्याच्या मधल्या खाचेत मास्तरांनी स्वतःच्या हातानं भगवं निशाण बांधलं होतं. वीरसिंगच्या सुनेच्या मांडीवर तिचं तान्हं बाळ, म्हणजे नानीबाईचा पणतू, ढोलाच्या आवाजाला ओठ काढत होतं.

मास्तरांनी चरित्र वाचून दाखवलं. आवाज गहिवरलेला, मराठी धुळ्याची. “केवळ दुग्धाहार. अंगी वस्त्र म्हणाल तर कटीला एक कृष्णवर्ण सूत्र. वाणीवर असा संयम की हुंकारापलीकडे शब्द नाही. भात्याचा नाद सुरू होताच या महापुरुषाची समाधी लागत असे.”

रावसाहेबांनी मान डोलावली. म्हाताऱ्यांमध्ये मात्र चुळबूळ सुरू झाली. बुध्याला पाहिलेले त्यांतले काही अजून होते. नारसिंग नावाच्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, “हाऊ कोनता बुध्या?” त्याला आठवणारा बुध्या मोहाची घेऊन भट्टीजवळ गाणी म्हणे, आणि त्या गाण्यांमुळे बायकांना पाण्याची वाट बदलावी लागे. पण रावसाहेबांसमोर बोलायचं कसं? म्हाताऱ्यानं ठरवलं की बुध्या दोन असतील.

मग वीरसिंग भाता चालवून दाखवायला उठला. नवा फेटा, बिल्ला, मिशी. त्यानं भात्यांना नमस्कार केला आणि वर चढला. डावा पाय दाबला. दांडा डावीकडे झुकला आणि तिथंच न थांबता नाचायला लागला. मधे ओझं नव्हतं, तो ताळ्यावर राहणार कसा? उजवं कातडं अर्धं उठलं आणि पडलं. वीरसिंगनं उजवा पाय मारला, दांड्यानं उसळी घेतली, निशाण त्याच्या तोंडावर फडफडलं आणि तो मटकन् डाव्या भात्यावर बसला. भात्यातून जो आवाज निघाला तो पोलीसपाटलाला शोभणारा नव्हता. कोणी हसलं नाही. रावसाहेब आकाशाकडे बघू लागले.

तो पुन्हा चढला. या वेळी दांड्यानं त्याचा फेटा उडवला. भट्टी काळवंडत चालली. म्हाताऱ्यांमधून कोणीतरी पुटपुटलं की या घराण्यानं कधी भाता केला होता की नुसत्याच गप्पा होत्या? वीरसिंगनं ते ऐकलं. त्यानं वळून आईकडे पाहिलं, आणि नानीबाईला एकदम ओळखीचं काहीतरी दिसलं. खालचा ओठ पुढे आला होता. मिशीखाली तोच ओठ होता, झोळी थांबल्यावर पुढे यायचा तो. गप्प बसून पोराची लाज राखायची असं तिनं ठरवलं होतं, आणि ती गप्प होती म्हणूनच त्याची लाज चालली होती.

त्याच वेळी पणतूनं भोकाड पसरलं.

नानीबाई उठली. नातसुनेच्या मांडीवरून तिनं पोर उचललं, खांद्यावरचं धडुतं काढलं आणि दांड्यापाशी गेली. मास्तरांचं निशाण सोडून तिनं नीट घडी करून मास्तरांच्या हातात दिलं. मधल्या खाचेत धडुत्याची झोळी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पोर आत घातलं. “उतर,” ती वीरसिंगला म्हणाली. तो उतरला. तिनं लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि भात्यांवर चढली.

डावा पाय, उजवा पाय. झोळीच्या वजनानं दांडा ताळ्यावर आला. एक कातडं बसलं की दुसरं उठत होतं, भट्टीनं मोठा श्वास घेतला, काळे कोळसे लाल झाले, लालाचे पिवळे झाले. म्हातारीचे गुडघे कुरकुरत होते, पण पाय काही विसरले नव्हते. झोळी झुलायला लागली. पोराचा आवाज बसत बसत हुंकारावर आला आणि मग थांबला. सगळीकडे फक्त भात्याचा आवाज राहिला.

ठकुबाईला इतके महिने दाबलेलं हसू आवरेना. “दुधवर ऱ्हाये,” ती म्हणाली, आणि पोटाला हात लावून खाली बसली. “नागडा ऱ्हाये. एक शब्द बोले नही. भाता थांबना की जागा व्हये.”

आधी नारसिंग म्हाताऱ्याला कळलं, मग बायकांना, मग सगळ्यांना. एकेक डोकं वीरसिंगकडे वळलं. आणि मग हसू असं सुटलं की ढोलवाल्यानं त्यात ढोल मिसळून दिला. मास्तरांना सगळ्यांत शेवटी समजलं. ते हातातल्या निशाणाकडे बघत हळूच किटाच्या ढिगावर बसले. ढिगावरची कोंबडी तेवढी त्यांच्यासाठी सरकली.

वीरसिंग हसत नव्हता. तो झोळीजवळ गेला आणि आत वाकून त्यानं बराच वेळ पाहिलं. नानीबाईचे पाय चालू होते; थांबली असती तर पोर उठलं असतं.

“याहा,” त्यानं आपल्या बोलीत आईला हाक मारली. “मी होतो?”

“तूच,” ती म्हणाली. “आणि भट्टीवर मुतायचास. बाप तुझा शिव्या द्यायचा.”

वीरसिंगनं मिशीवरून हात फिरवला. मिशीला सकाळचं दूध वाळून चिकटलं होतं ते त्याच्या बोटांना लागलं. त्यानं बोटांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि त्याच्या पोटातून जे हसू निघालं त्यानं बिल्लाही हलला. नानीबाईला वाटलं, आता आपण भात्यावरून पडलो तरी चालेल. ती पडली नाही.

“मास्तर,” तो डोळे पुसत म्हणाला, “तू लिखेल ते समदं खरं शे. नुसता मानूस चुकना.”

रावसाहेब व्यवहारी गृहस्थ. एवढी चढण चढून आल्यावर दगड कोरा ठेवून परत जायची त्यांची तयारी नव्हती. “मोतीलालजी, मग दगडावर कोरायचं काय?”

मास्तर उठले. चष्मा नाकावर नीट बसवला. चेहरा उतरला होता, पण तीस वर्षं पोरांच्या चुका सुधारणाऱ्या माणसाला स्वतःची एक सुधारायला कितीसा वेळ लागणार? “ज्यांनी केलं त्यांचं नाव,” ते म्हणाले, आणि नानीबाईजवळ गेले. “माय, तुन्हं नाव काय शे?”

“नानी.”

“ते ते समदा म्हनतस. मी खरं नाव इचारी ऱ्हायनू.”

ते ऐकून वीरसिंग चमकला. नानी म्हणजे धाकटी. घरात मोठी सून आधीच होती, म्हणून ही आली ती नानी झाली. नवऱ्यानं कधी नाव घेतलं नाही, सासऱ्यानं हवेशी बोलून काम भागवलं, सासूला धाकटी म्हटलं की पुरे होतं. वीरसिंगनं ठकुबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिलाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी तर या घरात इतक्या खेपा घातल्या होत्या, खाणं, नेसणं, झोपणं सगळं विचारलं होतं, आणि गूळ आणला होता. हा एक प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

नानीबाईला लगेच सांगता आलं नाही. नाव होतं, कुठे जातंय. पण ते डोंगरापलीकडच्या घरात राहिलं होतं, आईच्या तोंडात, आणि आई जाऊनही फार वर्षं झाली होती. तिचे पाय चालत राहिले. आपलंच नाव उच्चारायची तिला चक्क लाज वाटली.

“दिवली,” ती शेवटी म्हणाली.

भात्याच्या आवाजात ते पाथरवटापर्यंत पोचलं नाही. तो छिन्नी धरून तिकडे वाट बघत होता. कोणीतरी त्याला ओरडून सांगायला हवं होतं, आणि सगळ्यांनी वीरसिंगकडे पाहिलं. पोरानं आईचं नाव तोंडात घ्यायचं नसतं. वीरसिंग घुटमळला. मग मामलेदारापुढे गावाची हजेरी देताना उभा राहतो तसा ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि साऱ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “दिवली.”

आणि भात्यावरच्या म्हातारीनं, पाय न थांबवता, कोणी बोलावलं म्हणून मान वर करून ओ दिली.